निवृत्तीनंतरची तिसरी पाळी

शहाड स्थानकावरून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर १ कडे येणाऱ्या रस्त्यावर आमचे चिकित्सालय आहे. सकाळी दहाच्या सुमारास आमच्याकडे जी ज्येष्ठ मंडळी बाकावर बसलेली असतात, त्यांपैकी बहुतेक कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून निवृत्त झालेली असतात. तक्रारी ठराविकच. झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, पिंडऱ्या वळतात, अन्नावर वासना नाही. आणि उठता उठता, दाराशी गेल्यावर सांगितलेली एक तक्रार, जी केसपेपरवर सहसा लिहिली जात नाही : "करमत नाही, डॉक्टर."

ही तक्रार आम्हीही अनेक वर्षे लिहून घेतली नाही. ती लिहून न घेतल्यामुळे एका रुग्णाच्या बाबतीत आमच्या हातून जी चूक झाली, ती वैद्यमित्रांपुढे मांडावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम या भागाविषयी थोडेसे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. उल्हास नदीच्या पाण्यामुळे आणि रेल्वेमार्गामुळे याच पट्ट्यात कारखानदारी वाढली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहोने येथे एन.आर.सी., अंबरनाथला काड्यापेटीचा विम्को आणि संरक्षण खात्याचे कारखाने. देशावरून, कोकणातून, खानदेशातून माणसे आली, पाळ्यांमध्ये काम करू लागली आणि इथलीच झाली. घराघरांतील घड्याळ भोंग्यावर लावले जाई. आम्ही अशाच एका घरात वाढलो. आमचे वडील चौतीस वर्षे पाळीत काम करीत होते. त्यांची तिसरी पाळी असे त्या आठवड्यात आई खिडकीला जाड चादर बांधी, रेडिओ बंद राही, आणि आम्हां भावंडांना दुपारी चारपर्यंत घराबाहेर खेळण्याची सक्ती असे. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी जोरात झाली तरी आई दार उघडून तिकडे पाही. वडिलांची झोप हे साऱ्या चाळीचे सामायिक उत्तरदायित्व होते, असेच म्हणावयास हवे.

आता तो रुग्ण. वय ५८, नुकतेच निवृत्त. कारखाना कोणता, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. वातपित्त प्रकृती, शरीर कृश पण काटक, व्यसन तंबाखूचे, तेही मोजके. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले होते. (वेळेच्या जाचातून सुटलेल्या माणसाला घड्याळच भेट देण्याची ही प्रथा कोणी पाडली, कोण जाणे.) निवृत्तीनंतर सुमारे दीड महिन्याने ते पत्नीसह आले. निद्रानाश, मलावष्टंभ, चिडचिड. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, वाताचे निदान केले. रात्री गंधर्व हरीतकी, दुधातून अश्वगंधा, आणि पथ्यात ठळक अक्षरांत लिहिले : दिवसा झोपणे वर्ज्य.

गृहस्थ शिस्तीचे. चौतीस-पस्तीस वर्षे हजेरी कार्ड वेळेवर पंच करणारा माणूस वैद्याची आज्ञा मोडत नसतो. दुपारी डोळे मिटू लागले की ते उठून गॅलरीत उभे राहत. पंधरा दिवसांनी प्रकृती अधिक बिघडलेली. आम्ही मात्रा वाढवली. पुढच्या खेपेस पत्नी एकटीच आली आणि रडू लागली. आदल्या आठवड्यात रात्री दहा वाजता हे गृहस्थ शर्ट-पँट चढवून, रिकामा डबा पिशवीत घालून घराबाहेर पडले आणि चालत कारखान्याच्या गेटपर्यंत गेले. तेथील सुरक्षारक्षक ओळखीचा. त्याने चहा पाजून, रिक्षात घालून घरी आणून सोडले. मुलांनी धसका घेतला. वडिलांना विस्मृतीचा आजार जडला, आता त्यांना एकटे ठेवता येणार नाही, असे घरात बोलले जाऊ लागले. आम्ही त्यांना मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवले. सर्व तपासण्या झाल्या. त्यांत तसा कोणताही दोष आढळला नाही.

येथे एक सूचना विषयांतराचा दोष पत्करून करतो. आपल्या परिसरात रेयॉनच्या धंद्यात आयुष्य घालवलेले रुग्ण अनेक आहेत. व्हिस्कोस पद्धतीत लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करतात, आणि मग तो द्राव बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडून धागा काढतात. कार्बन डायसल्फाइडचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम पॅरिसच्या देल्पेश या वैद्यकतज्ज्ञाने १८५६ मध्येच रबर कामगारांत वर्णन केला होता. हा कोणा एका कारखान्याचा प्रश्न नसून जगभरातील त्या धंद्याचा आहे. म्हणून हातापायांची बधिरता, कंप, स्वभावातील बदल अशी लक्षणे दिसल्यास 'म्हातारपणचा वात' असे म्हणून पुढे जाऊ नये. कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे विचारून योग्य त्या तपासण्या करवून घ्याव्यात. प्रस्तुत रुग्णात ही लक्षणे नव्हती.

मग होते तरी काय? उत्तर आम्हांला ग्रंथात सापडले नाही, ते सापडले एका कालनिर्णयात. आम्ही त्या बाईंना विचारले, "काकू, रोजच झोप लागत नाही का?" त्या म्हणाल्या, "रोज नाही हो. एखादा आठवडा बरा जातो, मग पुन्हा सुरू." त्यांच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर गॅस, दूध, भिशी आणि पतीची पाळी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे होत असत. निवृत्तीनंतर पाळीची नोंद थांबली, पण वाईट रात्रीच्या चौकटीत त्या पेन्सिलीने ठिपका देत होत्या. ती पाने त्यांनी आणून दाखवली. शेवटच्या नोंदलेल्या पाळीपासून आम्ही पुढे आठवडे मोजत गेलो. पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. कामावर असते तर ज्या आठवड्यांत तिसरी पाळी आली असती, असे आठवडे पाच. त्यांपैकी चार आठवड्यांत ठिपक्यांची गर्दी होती. गेटपर्यंत चालत गेले ती रात्रही त्यांतलीच.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु गृहस्थ निवृत्त झाले होते आणि त्यांचे शरीर अद्याप पाळीवर जात होते, एवढे आम्हांला त्या पानांवरून दिसले. आणि रात्री जागलेल्या त्या शरीराची दिवसाची हक्काची झोप आम्हीच काढून घेतली होती!

घरी येऊन चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. ग्रीष्माखेरीज अन्य ऋतूंत दिवास्वाप कफपित्तकर म्हणून निषिद्ध, हे लक्षात राहते. त्याआधीची अपवादांची लांबलचक यादी मात्र प्रश्नपत्रिकेबरोबरच विस्मरणात जाते. वृद्ध, क्षीण, श्रमाने व ओझ्याने कर्शित झालेले, रात्री जागलेले, शोकाने क्लान्त, आणि ज्यांना दिवसा झोपण्याची सवयच आहे ते, या सर्वांना आचार्यांनी सर्व ऋतूंत दिवसा झोपण्याची मुभा दिली आहे. आमचा रुग्ण यांपैकी किती प्रकारांत बसत होता, ते वाचकांनीच मोजावे. रात्रीचे जागरण रूक्ष, दिवसाची निद्रा स्निग्ध, आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी या दोहोंहून निराळी, ना रूक्ष ना अभिष्यंदी, हा बारकावाही तेथेच आहे. वाग्भटाचार्य तर जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावयास सांगतात. रातपाळीच्या कामगाराला यापेक्षा नेमके मार्गदर्शन कोणते?

त्याहून महत्त्वाचे ओकसात्म्य. अपथ्य असले तरी अंगवळणी पडलेले एकाएकी सोडणे, किंवा पथ्य असले तरी अंगवळणी न पडलेले एकाएकी धरणे, दोन्ही रोगाला कारण होतात. म्हणून पादांशिक क्रम सांगितला : चतुर्थांशाने सोडावे, चतुर्थांशाने धरावे, आणि मध्ये दिवसांचे अंतर वाढवीत जावे. हा क्रम आपण मद्य, तंबाखू, चहा यांसाठी वापरतो. नोकरीसाठी वापरावा, हे आम्हांला सुचले नव्हते. चरकांच्या गणनेत मध्यम वय साठीपर्यंत जाते, सुश्रुतांच्या गणनेत सत्तरीपर्यंत. आपला कारखाना मात्र ५८ व्या वर्षी एका संध्याकाळी माणसाकडून सर्व काही काढून घेतो : उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, सोबतीची माणसे, बसण्याची जागा.

आम्ही पथ्य फाडून टाकले आणि नवे लिहिले. झोप आली की झोपा, मात्र जेवणापूर्वी. दुपारी जेवणानंतर आरामखुर्चीत डुलकी चालेल. रात्री तिळतेलाने पादाभ्यंग. मलावष्टंभासाठी काही दिवस मात्राबस्ती. आणि मुख्य म्हणजे, सकाळी सहाला पूर्वीप्रमाणेच डबा घेऊन घराबाहेर पडा. "कुठे जाऊ?" असे त्यांनी विचारले. बिर्ला मंदिर जवळच. तेथे विठोबाचे दर्शन घ्या, सोबतीचे कोणी भेटतात का पाहा, आणि डबा बाहेरच खाऊन परत या. पहिल्या पंधरवड्यात चार तास बाहेर, पुढच्यात तीन, मग दोन. मुलांना हा प्रकार पोरखेळ वाटला. धाकटा तर स्पष्टच म्हणाला, "याला औषध म्हणायचं का?" आम्ही त्याला म्हटले, सहा आठवडे थांबा.

दहाव्या दिवसापासून त्यांच्यासोबत आणखी तिघे डबा घेऊन येऊ लागले, असे नंतर कळले. चौघेही निवृत्त, चौघांच्याही घरी तीच कुरकुर. तेथे जुन्या गोष्टी निघत. २६ जुलै २००५ च्या पुरात कोण कोठे अडकले, कँटीनच्या उसळीत तिखट किती असे, दिवाळीच्या बोनसमधून कोणी काय घेतले. अधूनमधून उपयोगाचेही निघे. विमायोग्य नोकरीत किमान पाच वर्षे काढून निवृत्त झालेल्यास वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी राज्य विमा योजनेची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते, हे आमच्या रुग्णाला त्या बाकावरच कळले. ज्यांचे निवृत्तिवेतन फंडाच्या योजनेतील, जिची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली, त्यांना ही माहिती काढ्याइतकीच आवश्यक आहे. वैद्यानेही ती देत जावी.

झोप तिसऱ्या महिन्यात स्थिरावली. पूर्ण नव्हे, पण ठिपके विरळ झाले.

याच सुमारास आम्ही आमच्या सिंधी रुग्णांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. कॅम्पातील कापडाच्या दुकानात ऐंशीच्या घरातले आजोबा सकाळी दोन तास गादीवर बसतात. हिशेब मुलगा पाहतो, गिऱ्हाईक नातू सांभाळतो, आजोबा फक्त बसतात. सत्तरीत ते पाच तास बसत, साठीत दिवसभर. पादांशिक क्रम त्यांनी कोणत्याही संहितेत वाचलेला नाही. उलटपक्षी २००९ मध्ये एन.आर.सी. बंद पडली तेव्हा हजारो घरांतील काम वयाचा हिशेब न करता एकदमच थांबले. चाळिशीचे, पन्नाशीचे, सारेच. त्या वर्षानंतर आमच्याकडे आलेल्या किती रुग्णांना आम्ही नुसती त्रिफळा दिली असेल, याचा विचार आता अस्वस्थ करतो.

आमचे वडील निवृत्त झाले त्याच आठवड्यापासून चिकित्सालयात केसपेपर लिहू लागले. आम्ही सांगितले नव्हते. सकाळी पावणेदहाला येतात, पेनाला टोपण लावून एकला उठतात. मध्यंतरी हयातीच्या दाखल्यासाठी गेले असता यंत्र त्यांचा अंगठा काही केल्या घेईना. बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. अखेर चेहरा दाखवून काम झाले. परत येऊन म्हणाले, "जिवंत आहे म्हणून सांगायला अर्धा दिवस गेला, तुमचे पेशंट किती खोळंबले?"

गेल्या महिन्यात त्या काकू पुन्हा आल्या. या वेळी पती सोबत नव्हते. वडिलांनी त्यांचा केसपेपर शोधू लागताच त्या म्हणाल्या, "त्यांचा नको, माझा काढा." पहाटे साडेचारला जाग येते, उठून बसावे लागते, मग दिवसभर डोके जड. किती दिवस? त्यांनी बोटे मोजली नाहीत. पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेचारला पोळ्या, दुसऱ्या पाळीत रात्री साडेअकराला ताट, तिसरीत दिवसभर घर गप्प ठेवायचे. लग्नापासून हेच. पतीच्या निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारले नव्हते. इतक्या भेटींत आम्हीही नाही. वडिलांनी वय, पत्ता लिहिला, 'व्यवसाय' या रकान्याशी थोडे थांबले, आणि काही न विचारता पुढे गेले. तो रकाना अजून कोरा आहे.

सध्या त्यांना पादाभ्यंग आणि रात्री कोमट दूध एवढेच सुरू केले आहे. पोळ्यांची वेळ पंधरवड्याला पाव तासाने पुढे न्यावयाची, असे ठरले आहे. सकाळचा चहा पतीने करावयाचा, असेही आम्ही लिहून दिले. त्यावर त्या हसल्या. दिनदर्शिका घेऊन पुढील महिन्यात येणार आहेत.