कृत्रिम श्वसनयंत्र : यंत्र आणि यंत्रामागील हात

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागेल’ असे सांगितले, की त्यांचा चेहरा उतरतो. ‘म्हणजे आता आशा नाही का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि ‘दिवसाला खर्च किती येईल?’ हा दुसरा. आमचे देणगीदार मात्र आपुलकीने तिसराच प्रश्न विचारतात : ‘रुग्णालयाला आणखी एक व्हेंटिलेटर घेऊन देऊ का?’ हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून वार्षिक अहवालाच्या निमित्ताने त्यांची उत्तरे एकत्रितपणे देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आशेविषयी. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर हेच काम उलट रीतीने करतो. तो श्वासनलिकेत बसविलेल्या नळीतून, ठरावीक दाबाने, प्राणवायूमिश्रित हवा फुफ्फुसांत सोडतो. हे यंत्र आजार बरा करीत नाही. औषधांना आणि शरीराला आपले काम करण्यासाठी वेळ मिळवून देते. मण्यार चावलेल्या शेतकऱ्याची किंवा कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णाची श्वसनाची शक्ती काही काळ नाहीशी होते. तेवढे दिवस यंत्राने श्वास चालू ठेवला, तर असे रुग्ण पुन्हा आपल्या पायांनी घरी जाऊ शकतात. २०२५ च्या आरंभी पुण्यात गिया-बारे आजाराची साथ आली, तेव्हाही अनेक रुग्णांना याच आधाराची गरज भासली. व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, हा समज त्यामुळे खरा नाही. मात्र प्रत्येक रुग्ण त्यातून परत येतोच, असेही नाही. मूळ आजार किती बरा होण्याजोगा आहे, हा प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना रोज विचारावा. तो त्यांचा हक्क आहे.

या उपचाराचा इतिहास यंत्रापेक्षा हातांचाच अधिक आहे. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वसनयंत्रे अगदी थोडी होती. भूलतज्ज्ञ डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णाच्या गळ्यात नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबण्यास सुरुवात झाली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे हे काम केले. तोवर अशा रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक दगावत असत. ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आजच्या अतिदक्षता विभागांचा उगम या घटनेत मानला जातो.

त्या विद्यार्थ्यांच्या हातांचे काम आता यंत्र करते. आजची यंत्रे प्रत्येक श्वासाचा दाब आणि हवेचे प्रमाण मोजतात, रुग्णाने स्वतः श्वास घेण्याचा यत्न केला की तो ओळखतात, आणि काही यंत्रे आधार आपोआप कमी-अधिकही करतात. तरीही हवा किती द्यावयाची, याची मर्यादा माणसालाच ठरवावी लागते. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली असता, मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आल्याचे त्यात दिसून आले. फरक नव्या यंत्राने नव्हे, तर ते कसे चालवावे या ज्ञानाने पडला होता.

आपल्या शहराला हा धडा करोनाकाळात मिळाला. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, म्हणजे आपल्या घाटीकडे, पीएम केअर्स निधीतून आलेल्या १५० व्हेंटिलेटरांचा प्रश्न मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष आढळल्याचे व उर्वरित ३७ खोक्यांतच असल्याचे तेथे सांगण्यात आले. रुग्णालयांत यंत्रांची हाताळणी योग्य रीतीने झाली नाही, अशी बाजू केंद्र शासनाच्या वतीने मांडली गेली. त्या वादाचा निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून एकच गोष्ट निष्पन्न होते : यंत्र दारात आले म्हणजे रुग्णाला श्वास मिळाला, असे होत नाही. त्याच्या महिनाभर आधी, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले. प्राणवायूच नसेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

आता खर्चाविषयी. जमाखर्चाच्या भाषेत व्हेंटिलेटर हा भांडवली खर्च होय. तो एकदाच होतो, आणि देणगीदाराच्या नावाची पाटीही त्यावर लावता येते. त्यानंतर मात्र रोजचा खर्च सुरू होतो. कृत्रिम श्वासावरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. नळीतील कफ वेळोवेळी काढणे, रुग्णाची कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता राखणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे आणि यंत्राचा इशारा वाजताच धावून जाणे, ही कामे तिची असतात. यांत हयगय झाली, तर फुफ्फुसांत नवा जंतुसंसर्ग होतो. याखेरीज नळ्या, गाळण्या, प्राणवायू, विजेची पर्यायी व्यवस्था, यंत्राची नियमित तपासणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, यांवरील खर्च अखंड चालूच असतो. यांपैकी कशावरही पाटी लावता येत नाही.

उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. परंतु व्हेंटिलेटरवरील एकच रुग्ण कित्येक दिवस, क्वचित कित्येक आठवडे राहतो, आणि निधीचा मोठा हिस्सा त्या एका खाटेवर खर्ची पडतो. कुटुंबाचे पैसे संपले म्हणून, सुधारत असलेल्या रुग्णाचा आधार काढण्याची वेळ कोणावरही येऊ नये, हीच आमची सर्वांत मोठी चिंता आहे.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे, की यंत्राबरोबरच त्याच्या पुढील काही वर्षांच्या देखभालीचा, एखाद्या परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा किंवा निर्धन रुग्णाच्या काही दिवसांच्या उपचाराचा भार उचलण्याचाही विचार करावा. विश्वस्त मंडळानेही नव्या यंत्राच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर त्याच्या आवर्ती खर्चाचा तक्ता मागवावा, असे आम्ही सुचवितो. कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांनी आपले हात दिले होते. आपल्या देणगीतून आमच्या रुग्णांच्या उशाशी असेच जाणते हात चोवीस तास हजर राहावेत, एवढीच प्रार्थना.