तयार संदेश आणि त्यास जोडलेले चित्र

ऋतू पालटला की आपल्या अनेक चिकित्सालयांतून रुग्णांच्या भ्रमणध्वनीवर आरोग्यसंदेश जातात. वर्षा ऋतूतील अग्निमांद्य, शरदातील पित्तप्रकोप, हेमंतातील अभ्यंग असे विषय ठरलेले असतात. मजकूर आगाऊ लिहून ठेवलेला असतो आणि योग्य दिवशी तो व्हॉट्सॲप वा फेसबुकवर धाडला जातो. या प्रथेविषयी आमची तक्रार नाही. सवडीने, ग्रंथ उघडून लिहिलेला मजकूर घाईत लिहिलेल्यापेक्षा चांगलाच असतो. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्यास जोडल्या जाणाऱ्या चित्राविषयी. मजकूर वैद्य स्वतः लिहितो. चित्र मात्र शेवटच्या क्षणी, महाजालावर वनस्पतीचे नाव टाकून जे प्रथम दिसेल ते, पुष्कळदा मदतनिसाच्या हातून चिकटविले जाते. आणि वाचणाऱ्याची दृष्टी प्रथम चित्रावरच जाते.

शंखपुष्पीचे उदाहरण घेऊ. या नावाने शोध घेतला असता गोकर्णीची निळी फुले वारंवार समोर येतात. त्यास कारणही आहे. केरळात गोकर्णी हीच शंखपुष्पी म्हणून वापरली जाते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने शंखपुष्पी म्हणून मानलेली वनस्पती मात्र वेगळी, जमिनीलगत पसरणारी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही होय. आणि बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता ही तिसरीच. मजकुरात गुण एकीचे आणि चित्र दुसरीचे, असे झाले की रुग्ण कुंपणावरची गोकर्णी खुडून वैद्याने सांगितले तेच करीत असल्याच्या समाधानात राहतो. ब्राह्मीचीही तीच गत. आपल्याकडील रोपवाटिकांत मंडूकपर्णी सर्रास ब्राह्मी म्हणून मिळते. त्यात जलब्राह्मीविषयीच्या मजकुराला मंडूकपर्णीचे गोल पान जोडले की गोंधळावर शिक्कामोर्तबच होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ व वनचर यांस औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात असे म्हटले आहे, आणि लगोलग असेही, की केवळ नावरूप जाणल्याने औषधी जाणली असे होत नाही. आपला संदेश नावरूपापर्यंतच पोहोचतो. निदान तेवढे तरी अचूक असावे!

गुळवेलीच्या प्रकरणाने या गोष्टीचे गांभीर्य दाखवून दिले. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या मुंबईतील काही रुग्णांत यकृतविकार आढळल्याचा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचा आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या जातीकडे लक्ष वेधले. वाद तेथे थांबला नाही. २०२२ साली देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि खऱ्या गुळवेलीसंबंधीही प्रश्न उपस्थित झाले; त्याची चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रस्तुत विषयापुरते एवढेच, की या दोन्ही जातींची पाने हृदयाकृती असतात. मंत्रालयाने सांगितलेले भेद खोडाचा रंग, त्यावरील गाठी, दुधाळ स्राव आणि फळाचा आकार यांत आहेत. आपल्या संदेशांतून मात्र हटकून हिरव्यागार पानाचेच चित्र जाते. ते सुरेख दिसते; ओळखीच्या कामी निरुपयोगी असते.

काही गोष्टी तर कोणत्याच चित्रात उतरत नाहीत. दुधीच्या रसाचे संदेश एके काळी फार फिरले. कडू दुधीचा रस प्यायल्याने झालेल्या विषबाधांची दखल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीस घ्यावी लागली आणि रस कडू लागल्यास पिऊ नये असा सल्ला तिने दिला. कडू दुधी व गोड दुधी दिसण्यात एकसारखेच. अशा ठिकाणी चित्रावरच ठळक अक्षरांत ‘आधी चव पाहा, कडू असल्यास टाकून द्या’ असे छापणे आवश्यक आहे.

‘चित्रावरच’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला. संदेश पुढे पाठविताना लोक मजकूर गाळतात व चित्र ठेवतात. व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, तरी चित्र मजकुरापासून सुटे होण्याचे थांबत नाही. म्हणून वनस्पतीचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग आणि वैद्याचे नाव चित्राच्या कडेला असावे. याचा अर्थ सबंध लेखच चित्र करून पाठवावा असा नव्हे. जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर चित्र करूनच धाडण्याची सवय आपल्यापैकी अनेकांस जडली. परंतु असा मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे यंत्रही तो वाचून दाखवू शकत नाही. युनिकोड सर्वत्र उपलब्ध असता ही सवय सोडणेच बरे.

रुग्णांच्या छायाचित्रांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. ‘उपचारापूर्वी’ व ‘उपचारानंतर’ अशी श्वित्राची जोडचित्रे औषधाच्या प्रशंसेसह धाडणारे आमचे काही व्यवसायबंधू रुग्णाची संमती घेतली म्हणजे झाले असे मानतात. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे; त्याच्या परिशिष्टात श्वित्र व मधुमेह दोन्ही आहेत आणि जाहिरातीची व्याख्या इतकी व्यापक, की प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही तीत येते. रुग्णाच्या संमतीने त्या कायद्यातून सुटका होत नाही.

मग चित्रे आणावीत कोठून? विकिमीडिया कॉमन्सवर शास्त्रीय नावासह छायाचित्रे मिळतात आणि परवान्यानुसार छायाचित्रकाराचे नाव देऊन ती वापरता येतात. परंतु आमचा आग्रह स्वतः काढलेल्या छायाचित्रांचा आहे. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली ज्या अहमदनगरात (आता अहिल्यानगर) आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले आणि औषधींच्या गुणधर्मांवर मराठीतून ग्रंथ लिहिला, त्या जिल्ह्यातील वैद्यांनी परप्रांतीची चित्रे उसनी का घ्यावीत? पारनेर-कर्जतच्या माळावरचा तरवड आणि अकोल्याच्या डोंगरातील वेली आपल्याच रुग्णांच्या पायाखालच्या आहेत. खोड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ व शेजारी मोजपट्टी अशी छायाचित्रे घ्यावीत, द्रव्यगुणाच्या अध्यापकांकडून ओळख पक्की करून घ्यावी आणि मगच ती तयार मजकुराच्या शेजारी जपून ठेवावीत. अकोल्याकडील सभासदांनी हे काम पावसाळ्यातच हाती घ्यावे. कळलावी, मुसळी यांसारख्या कंदांचे वरचे भाग दिवाळीच्या सुमारास सुकून गेलेले असतात.