खाऱ्या पाण्यातले राक्षस

बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर खारं का, याला तिथल्या आख्यायिकेत सरळ उत्तर आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून रयतेला छळायचा. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. पाणी म्हणजे त्याचं रक्त, तर दूर ढाकेफळजवळची टेकडी म्हणजे उडालेलं झाकण! विज्ञानाच्या मते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बसाल्टच्या खडकावर अशनी आदळून झालं.

लवणासुराच्या कथेतून भूगोल उलगडतो. बायबलमधल्या संदेष्ट्यांचे जलराक्षस मात्र राजकारण सांगतात.

समुद्रातल्या सर्पाची कल्पना त्यांच्याआधीची. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे १९२९ पासून सापडलेल्या उगारिती मृत्तिकापट्टांत बाल देव सात डोक्यांच्या लोतान सर्पाला मारतो. यशयाच्या ग्रंथातला वळसे घेणारा लिव्याथान त्याचाच भाऊबंद. फरक एवढाच, की तिथला वध होऊन गेलेला आहे आणि यशयातला व्हायचाय.

यहेज्केल संदेष्ट्याने या प्रतिमेची धार आणखी वाढवली. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम बाबेलच्या वेढ्यात होतं आणि लोकांची भिस्त मिसरच्या फौजेवर. यहेज्केलाने मिसरच्या राजाला, फारोला, नदीत ऐसपैस पसरलेला मगरमच्छ केलं. ही नदी माझी, मीच ती केली, अशी फारोची घमेंड. मग देव त्याच्या जबड्यात गळ अडकवतो, खवल्यांना चिकटलेल्या माशांसकट त्याला बाहेर ओढतो आणि रानात पशुपक्ष्यांपुढे टाकून देतो. मिसरच्या भरवशावर राहू नका, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? बाबेलचीही गय नाही. यिर्मयाच्या ग्रंथात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर अजगरासारखा यरुशलेम गिळतो.

दानीएलाच्या दृष्टांतात खवळलेल्या समुद्रातून चार श्वापदं वर येतात: पंख असलेला सिंह, दातांत तीन फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचं चौथं, दहा शिंगांचं. ही चार राज्यं, असा खुलासा ग्रंथातच आहे.

पहिल्या शतकाच्या अखेरीस बायबलमधल्या प्रकटीकरण या ग्रंथाच्या लेखकाने या चौघांना एका अंगात कोंबलं. चित्त्याचं शरीर, अस्वलाचे पाय, सिंहाचं तोंड, सात डोकी, दहा शिंगं. बहुतेक अभ्यासकांच्या मते समुद्रातूनच वर येणारं हे श्वापद म्हणजे रोमची सत्ता. ज्या सात ख्रिस्ती मंडळ्यांसाठी हा ग्रंथ लिहिला, त्या आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या. तिथे सम्राटपूजेची देवळं होती आणि रोमचे अधिकारी समुद्रमार्गे येत. तरी ग्रंथात सम्राटाचं नाव कुठेही आलेलं नाही.