शिंजीर गेले कुठे?

वैशाख सरत आला की साताऱ्यातील सकाळ फार लवकर संपते. आठ वाजता उन्हाला धार येते आणि दहानंतर वृद्धांनी घराबाहेर पडू नये, असे मी दवाखान्यात रोज सांगत असते. परंतु त्याआधीचे, साडेपाच ते साडेसातचे दोन तास पक्ष्यांचे असतात. पावसाच्या तोंडावर अनेक पक्ष्यांची वीण चालू असते. नर गात असतात, पिलांना भरवण्याची लगबग असते. हिवाळ्यात आलेले पाहुणे एव्हाना उत्तरेकडे परतलेले असतात आणि उरतात ते बहुतेक आपल्या आळीतलेच. नव्याने पक्षी ओळखू पाहणाऱ्यास हा काळ म्हणूनच सोपा जातो.

मला हे पक्षी ओळखायला शिकवले ते माझ्या एका रुग्णाने. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची सारी नोकरी पाण्याच्या कडेने गेली. घरातले त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणते. वय शहात्तर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रक्तदाब तपासून घेताना ते म्हणाले, "डॉक्टरबाई, यंदा शिंजीर आले नाहीत." मी म्हटले, "झाडे कुठे राहिली आहेत, नाना!" एप्रिलमध्ये पुन्हा तीच तक्रार, आता शिंपीही दिसेनासा झाला होता, असे ते म्हणाले. केसपेपरवर मी रक्तदाबाचे आकडे लिहिले. पक्ष्यांचे काही लिहिले नाही.

मे महिन्यात त्यांच्या सूनबाई एकट्याच आल्या. "नाना हल्ली विसरतात," त्या म्हणाल्या. सांगितलेले लक्षात राहत नाही, विचारावे एक तर उत्तर देतात भलतेच, चिडतात, चारचौघांत बसले की गप्प होतात. "यांच्या आत्यांचे असेच सुरू झाले होते. शेवटी त्यांनी पोटच्या मुलाला ओळखले नाही." बोलताना त्यांचा आवाज कापत होता. मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी द्यायची म्हणून मी लेखणी उचललीही होती. पण नानांना एकदा त्यांच्याच घरी पाहावे असे वाटले, आणि रविवारी सकाळी सहाला मी त्यांच्या गॅलरीत जाऊन बसले.

खाली जास्वंदीचे मोठे झुडूप होते. शेजारी बसलेल्या नातवाने मोबाइलवर 'मर्लिन' नावाचे ॲप उघडले. भोवतीचे आवाज ऐकून हे ॲप पक्ष्यांची नावे पडद्यावर दाखवते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ते तयार केले असून ते मोफत मिळते. दोनच मिनिटांत पडद्यावर नाव उमटले: जांभळा सूर्यपक्षी, म्हणजेच शिंजीर. नाना चष्मा सावरत म्हणाले, "खोटे बोलते आहे तुझे यंत्र. इथे शिंजीर नाही." तो मात्र समोरच होता. जास्वंदीच्या टोकाच्या डहाळीवर, काळ्या-जांभळ्या चमकत्या अंगाचा, बारीक वाकड्या चोचीचा; आणि चोच उघडून जिवाच्या आकांताने चिवचिवत होता. मी बोट दाखवले तेव्हा नानांना तो दिसला. बराच वेळ ते त्याच्या हलणाऱ्या चोचीकडे पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हा गप्प का आहे?"

त्या क्षणी मला माझी फेब्रुवारीतली आणि एप्रिलमधली चूक कळली.

वयानुसार येणारा बहिरेपणा सर्व आवाज सारखेच मंद करीत नाही. कानातील शंखाकृती भागात सूक्ष्म रोमपेशी असतात. उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या आरंभीच्या वळणावर असतात आणि झीज बहुधा त्यांच्यापासून सुरू होते. ती इतकी सावकाश होते की ज्याचे ऐकणे जाते त्याला आपले काही गेले असे वाटतच नाही; जगातलेच काहीतरी कमी झाले, असे वाटते. संगीताच्या भाषेत सांगायचे तर मंद्र सप्तक शाबूत राहते आणि तार सप्तक हळूहळू पुसले जाते. माणसाच्या बोलण्यात स्वर हे खालच्या पट्टीचे. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीची. त्यामुळे कोणी बोलले हे कळते, काय बोलले ते नेमके कळत नाही. 'साखर' म्हटले की 'भाकर' ऐकू येते. भलते उत्तर, चिडचिड, चारचौघांत गप्प बसणे, ही सारी लक्षणे त्यातूनच येतात. आणि घरच्यांना वाटते, म्हातारपणी बुद्धी चळली.

आपल्या परिसरातले पक्षीदेखील असेच सप्तकांत वाटून घेता येतात. तुमच्या घरात वडीलधारे कोणी असेल, तर पुढचा परिच्छेद त्यांच्याशेजारी बसून वाचावा.

सर्वांत खालचा आवाज भारद्वाजाचा. कावळ्याएवढा, काळा, विटकरी पंखांचा आणि लाल डोळ्यांचा हा पक्षी कुंपणाच्या गचपणात चालत असतो. त्याचा घुमणारा 'कूप-कूप-कूप' दूरवर जातो आणि कान बरेच गेलेल्यांनाही तो बहुधा ऐकू येतो. त्यानंतर तांबट. भर उन्हात, एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा 'टुक् टुक्' हा आवाज ज्याने ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा; पक्षी मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. चिमणीहून किंचित मोठा, हिरवागार, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. उंबर, वड, पिंपळ फळांवर आले की तेथे तो शोधावा. मधल्या सप्तकात कोकीळ येतो. 'कोकिळा गाते' असे आपण म्हणतो, परंतु 'कुहू' हे गाणे नराचे. तो काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज म्हणजे नुसती घाईची 'किक्-किक्-किक्'. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालण्याची तिची धडपड मे-जूनमध्ये चालू असते. एखाद्या झाडावर कावळे अकारण चवताळलेले दिसले तर थोडे थांबून पाहावे. पहाटे विजेच्या तारेवर किंवा शेंड्यावर बसून लांबलचक शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी दयाळ. आमराईत बासरीसारखा सूर आला आणि हळदीच्या रंगाचे काही झपकन पानांत शिरले, तर तो हळद्या. डोळ्यातून गेलेली काळी रेघ ही त्याची खूण. आता वरची पट्टी. शिंपी हा टाचणीभर जीव: हिरवट पाठ, तांबूस टोपी, उभारलेली शेपटी, अंगाच्या मानाने फार मोठा आणि टोचणारा आवाज. त्याहून वर शिंजीर. आणि सर्वांत बारीक आवाज चष्मेवाल्याचा, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेल्या त्या पिवळसर पाखरांच्या थव्याचा.

भारद्वाज ऐकू येतो, तांबट ऐकू येतो, पण नातवाला ऐकू येणारा शिंजीर आजोबांना समोर दिसूनही ऐकू येत नसेल, तर पक्षी गेलेले नाहीत. अर्थात ही तपासणी नव्हे, संशय येण्याचे एक निमित्त आहे. नानांचे पुढे जे झाले ते सर्वांनी करावे असे आहे. प्रथम कान पाहिले. एका कानात मळाचा बोळा होता, तो काढला. फरक जुजबी पडला. नंतर श्रवणतपासणी झाली. तीत साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून आलेख काढतात. नानांचा आलेख डावीकडे बराचसा सपाट होता आणि उजवीकडे खंबाटकीचा घाट उतरावा तसा खाली आला होता. स्मरणशक्तीच्या चाचण्या त्यानंतर, मोठ्याने आणि समोर बसून प्रश्न विचारून केल्या. त्या त्यांच्या वयाला साजेशा निघाल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऐकू न आलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता येत नाही.

बहिरेपणा आणि विस्मरण यांचा संबंध मात्र नाकारता येत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियाविषयक आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणदोषाचा समावेश टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये केला आहे. श्रवणयंत्राने विस्मरण टळतेच, असे मी सांगणार नाही. पण माणूस पुन्हा घरातल्या बोलण्यात येतो, एवढे मी पाहिले आहे. कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. आणि एक तातडीची सूचना: एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ते वयाचे समजू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे, कारण त्यावरील औषध लवकर सुरू झाले तरच त्याचा उपयोग होण्याची आशा असते.

डोळ्यांचेही असेच असते. मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्यातील भिंग पिवळट-तपकिरी होते आणि निळा रंग मळतो. शस्त्रक्रियेनंतर खंड्याचा निळा पाहून माझ्या एका रुग्ण आजी रडल्या होत्या. हा पक्षी इतका निळा असतो हे त्या विसरून गेल्या होत्या.

प्रत्यक्ष पक्षी पाहण्यासाठी वृद्धांना टेकडीवर जाण्याची गरज नाही. गॅलरी, अंगण, सोसायटीतला बाक पुरेसा आहे. उभे राहून मान मागे टाकून झाडाच्या शेंड्याकडे पाहणे टाळावे. त्यात अनेकांना चक्कर येते, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसावे, कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकून दुर्बीण धरावी. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी पुरे. दहापटीची कापऱ्या हातात स्थिर राहत नाही आणि चित्र नाचू लागते. अनशापोटी बसू नये, विशेषतः मधुमेहाची औषधे चालू असतील तर. लघवी होण्याची गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी किती प्यावे आणि गोळीचे प्रमाण किती ठेवावे, हे डॉक्टरांना विचारावे; गोळी परस्पर बंद करू नये.

पक्ष्यांसाठी पाणी जरूर ठेवावे. उथळ मातीचे ताट, सावलीत, मांजराची उडी पोहोचणार नाही अशा जागी. पण ते रोज ओतून, घासून पुन्हा भरावे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. पारव्यांना दाणे टाकण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे, मग त्यामागे पुण्याची भावना असली तरीही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, आणि दम लागण्याचे कारण गॅलरीतच आहे हे फार उशिरा लक्षात येते.

नानांनी श्रवणयंत्र पहिला आठवडा टेबलाच्या खणात ठेवले. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, म्हणाले. हे बहुतेकांचे होते. मेंदूला विसरलेल्या आवाजांची पुन्हा सवय व्हावी लागते. रोज सकाळी एक तास, फक्त गॅलरीत, असा करार झाला. सूनबाई चहा घेऊन शेजारी बसू लागल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा ढग दाटून आले होते आणि पावशाची 'पेरते व्हा, पेरते व्हा' अशी चढत जाणारी हाक चालू होती. हा शिकऱ्यासारखा दिसणारा राखाडी पक्षी. प्रत्येक हाकेला पट्टी वाढत जाते आणि टिपेला पोहोचून ती एकाएकी तुटते. इंग्रजांनी वैतागून त्याला 'ब्रेनफीव्हर बर्ड' म्हटले, ते काही उगीच नाही.

"शिंजीर ऐकू येतो का?" मी विचारले.

"येतो," नाना म्हणाले. "पण पूर्वीचा नव्हे. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. यंत्राचा शिंजीर आहे तो." आणि थोड्या वेळाने, "तरी नसण्यापेक्षा बरा."

त्यांनी मला आपली वही दाखवली. कालव्यावरच्या नोंदींची सवय जुनी. तारीख, वेळ, जागा, पक्षी. फेब्रुवारीपासूनची बरीच पाने कोरी होती. शेवटची नोंद त्याच आठवड्यातली, काळ्या-पांढऱ्या, शेंडीवाल्या त्या पाहुण्याची, जो मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे आफ्रिकेकडून येतो: "चातक. पहाटे सहा. मागचा पिंपळ. आवाज प्रथम सूनबाईंनी ऐकला, मग मी."