ओठांच्या कोपऱ्यातली चीर

सोलकढीचा घोट घेतला आणि ओठाच्या कोपऱ्यात झणका बसला, की चीर पडल्याचं आरशात न बघताही कळतं. बांगड्याचं तिखलं तर दूरच, जांभई द्यायचीही धास्ती वाटते. ‘तोंड उघडूक जमना नाय’ असं घरात कोणी म्हणालं, की मालवण-देवगडकडे दोन सल्ले ठरलेले असतात: कोकमाचं तेल लाव, नाहीतर मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आण. दोन्हींत तथ्य आहे. पण एकच दिसणारी ही चीर वेगवेगळ्या कारणांनी पडते, आणि कारण तसंच राहिलं तर ती भरून येते आणि पुन्हा उलते.

डॉक्टर याला अँग्युलर चिलायटिस म्हणतात. सुरुवात बहुतेक वेळा लाळेपासून होते. दात पडलेल्या किंवा कवळी झिजलेल्या आजीचं तोंड मिटलेलं असताना नीट बघा. वरचा आणि खालचा जबडा जरुरीपेक्षा जवळ येतो, गाल आत बसतात आणि ओठांच्या दोन्ही टोकांना खाली उतरणारी घडी पडते. त्या घडीत लाळ झिरपत राहते. सतत ओली राहिलेली कातडी आधी पांढरट आणि मऊ पडते, मग तोंड उघडताना ताण बसला की फाटते. फाटलेल्या जागी कँडिडा नावाची बुरशी शिरते. ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडातही असते, एरवी गप्प असते. कवळीच्या आतल्या बाजूला मात्र तिचा चांगलाच थर जमतो. कधी तिच्या जोडीला स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू येतो, तेव्हा चिरेवर मधासारखी पिवळी खपली धरते.

म्हणून कवळी वापरणाऱ्याच्या चिरेवर नुसतं मलम लावून भागत नाही. रात्री कवळी काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवायला हवी. उकळतं पाणी नको, त्याने ती वाकडी होते. आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची कवळी सैल झाली असेल, तर खरा इलाज दातांच्या डॉक्टरकडेच आहे. जबड्याची उंची पुन्हा जागेवर आली की घडी उथळ होते.

रापणीवर किंवा होडीवर राबणाऱ्यांचं गणित निराळं. खारं वारं आणि ऊन यांनी ओठ सुकतात, सुकले की माणूस नकळत जीभ फिरवतो. लाळ उडून जाते, जाताना कातडीतला ओलावा घेऊन जाते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं मागे राहून जागा आणखी हुळहुळी करतात. अंगठा चोखणाऱ्या मुलांचंही असंच.

इथे कोकमाचं तेल खरोखर कामाला येतं. रातांब्याच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं हे तेल थंड झालं की त्याचा घट्ट गोळा होतो. त्यात स्टिअरिक आणि ओलिक आम्लं भरपूर असतात, त्यामुळे साध्या हवेत ते घट्ट राहतं आणि कातडीच्या उबेने हळूहळू पातळ होतं. कोपरा हलक्या हाताने टिपून कोरडा केला आणि त्यावर पातळ थर दिला, तर लाळ आत पोचत नाही. पेट्रोलियम जेलीही हेच करते. पण बुरशी रुजली असेल तर तेल तिला मारत नाही. तिथे क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचं मलम लागतं, दिवसातून दोन-तीन वेळा, साधारण एक ते दोन आठवडे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पिवळी खपली असेल तर जिवाणूंवरचं मलम डॉक्टरच ठरवतील.

मला खरी काळजी वाटते ती काउंटरवरून हातात पडणाऱ्या ‘थ्री-इन-वन’ मलमांची. त्यांत बहुधा जोरकस स्टेरॉइड असतं. लाली आणि आग दोन दिवसांत ओसरते, माणूस खूश होतो. पण कातडी पातळ होत जाते आणि खाली बुरशी वाढत राहते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. तरी ती सर्रास मागितली जातात.

आता बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांकडे. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत 1936 साली वॉलेस आयक्रॉइड आणि कृष्णन यांनी भातावर वाढणाऱ्या दक्षिण भारतीय मुलांच्या चिरलेल्या तोंडांचा संबंध ब-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडला. दोन वर्षांनी अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर यांनी काही स्त्रियांना रायबोफ्लेविन, म्हणजे हेच ब-2, अगदी कमी असलेला आहार दिला. त्यांच्यातल्या काहींचे ओठांचे कोपरे चिरले आणि ते जीवनसत्त्व दिल्यावर भरून आले.

आपल्या उकड्या तांदळाची बाजू इथे सांगायला हवी. भात टरफलासकट उकडल्यामुळे थायामिन, म्हणजे ब-1, दाण्यात मुरतं, सडताना पूर्ण जात नाही. रायबोफ्लेविन मात्र तांदळात मुळातच तुटपुंजं असतं, त्यामुळे नुसती पेज आणि लोणचं यावर ते भागत नाही. दूध, दही, अंडं, बांगडा, शेवग्याचा पाला यांतून ते मिळतं. दुधाची पारदर्शक बाटली उन्हात ठेवू नये, उजेडाने हे जीवनसत्त्व नासतं. गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ते जास्तीचं ब-2 बाहेर पडताना दिसतं.

पण बी कॉम्प्लेक्समध्ये बहुधा लोह नसतं, आणि लोहाच्या कमतरतेनेही कोपरे चिरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. धाप लागते, जीभ गुळगुळीत आणि लाल झाली आहे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, अशा बाईने आधी हिमोग्लोबिन तपासावं. जेवणालगतचा चहा लोह शोषू देत नाही, तो तासभर पुढे ढकलावा. चीर वारंवार पडत असेल तर साखरही तपासावी, मधुमेहात कँडिडाला फावतं.

एकाच बाजूला पाण्याने भरलेल्या फोडांचे पुंजके आले तर ते बहुधा नागीणवर्गीय विषाणूचं काम असतं, त्याला बुरशीचं मलम उपयोगी नाही. गुटखा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडू लागलं असेल, तर कोपऱ्यापेक्षा गालाची आतली बाजू तपासून घ्यावी. आणि मिश्री-तंबाखू वापरणाऱ्याच्या किंवा उन्हात राबणाऱ्याच्या ओठावरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर घरचं कोणतंही तेल लावत न बसता सरकारी रुग्णालय गाठावं. तिथे गरज वाटली तर तुकडा काढून कर्करोगाची तपासणी होते.