दोन ग्रॅमसाठी कोणता काटा?

सांगलीला माझ्या मामाकडे तबकड्यांची एक पेटी आहे. बहुतेक एलपी, आणि तळाशी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तीन. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबरही मिरजेतच आहे. मामाला हे सगळं डिजिटल करून ठेवायचंय. "अगं, तू पीएचडी करतेस ना? मग सुई किती दाबायची तेवढं सांग." मी साताऱ्याहून दोन डिजिटल गेज घेऊन गेले. दोन्ही ०.०१ ग्रॅम दाखवणारे. त्याच टोनआर्मवर एकाने १.८३ दाखवलं, दुसऱ्याने १.९७.

आता खरं कुठलं? उद्या प्रयोगशाळेत कुठलंही उपकरण निवडताना हाच प्रश्न तुमच्यासमोर येणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक विचारा: किती चूक चालेल? मामाच्या कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम वजन चालतं. वजन जास्त झालं तर तबकडी आणि सुई लवकर झिजते, हे कोणीही सांगेल. पण कमी झालं तरी नुकसान होतं. मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेच्या भिंतींवर नीट टेकत नाही, उडते, आणि भिंतीवर आपटते. त्या ओरखड्याला उपाय नाही. म्हणजे आपल्याला ०.०५ ग्रॅमपर्यंत खात्री हवी. ०.००१ दाखवणाऱ्या गेजसाठी जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही.

दुसरं, काट्याची परीक्षा त्याच्याच वजनाने घेऊ नका. दोन्ही गेजसोबत ५ ग्रॅमचं वजन आलं होतं आणि ते ठेवल्यावर दोन्हींनी इमानदारीत ५.०० दाखवलं. मग ओळखीच्या सराफाकडून शिक्क्याचं २ ग्रॅमचं वजन आणलं. (एम-१ वर्गाच्या २ ग्रॅम वजनात फक्त १.२ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतं. आपल्या कामाला ते भरपूर झालं.) दहा-दहा वेळा ठेवून पाहिलं. पहिला गेज १.९९ ते २.००. दुसरा २.१४ ते २.१५, दहाही वेळा! गंमत म्हणजे दुसऱ्यासोबत आलेलं '५ ग्रॅम' सराफाच्या काट्यावर ४.६६ भरलं. खोट्या वजनावर जुळवलेला काटा त्याच वजनाला खरंच म्हणणार. आकडा पुन्हापुन्हा तोच येणं म्हणजे आकडा बरोबर असणं नव्हे. दुसऱ्यावर विसंबून मी १.८० लावलं असतं, तर सुईवर प्रत्यक्षात १.६८ च पडलं असतं.

निवडताना आणखी चार गोष्टी बघा.

उंची: गेजचं पारडं तबकडीच्या पृष्ठभागाइतक्याच उंचीवर हवं. जाड गेजवर आर्म वर उचलला जातो आणि काही आर्ममध्ये त्यामुळे वजन बदलतं.

लोखंड: कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं. गेजच्या स्थिर भागात लोखंड असेल तर ते आर्मला खाली ओढतं आणि आकडा फुगतो. दोऱ्याला छोटं चुंबक बांधून गेजजवळ न्या. ओढलं गेलं, तर तो गेज घेऊ नका.

जागा: तेच वजन पारड्याच्या मधोमध आणि कडेला ठेवून बघा. आकडा बदलत असेल तर सुई नेहमी खुणेवरच टेकवावी लागेल.

आवाका: २०० ग्रॅमचा खिशातला काटा स्वस्त पडतो, पण काहींना आपोआप शून्यावर यायची सवय असते, सुई हळूच टेकवली तर थोडं वजन ते गिळतात. ५ ग्रॅमच्या आसपासचा गेज बरा. मात्र त्यावर जुन्या चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स ठेवू नका, तो शंभर ग्रॅमच्या वर दाब देतो.

गुरुत्वाकर्षणाचं काय, असं कोणी विचारेलच. सांगलीत ते प्रमाण मूल्यापेक्षा साधारण पाव टक्का कमी आहे. २ ग्रॅमवर फरक पडतो ०.००५ चा, आणि इथेच खऱ्या वजनाने जुळवलं की तोही जातो. साताऱ्यात जुळवून सांगलीत मोजलं तरी बिघडत नाही. कुठल्या चुकीची काळजी करायची नाही, हेही आकडेमोड करूनच ठरवायचं.

पहिल्या गेजने २.०० लावून आम्ही एलपी सुरू केल्या. खाँसाहेबांच्या तबकड्या अजून पेटीतच आहेत. त्यांची खाच रुंद, त्यामुळे एलपीच्या सुईपेक्षा जवळपास चौपट जाड टोकाची सुई लागते आणि तिचं वजनही वेगळं. ती आली की पुन्हा मोजायचं, अगदी शून्यापासून. मामा घाई करतोय. मी सराफाचं वजन परत केलेलं नाही.