वेगापलीकडचा ड्रमर

थोर ड्रमर कोण, या वादात बडी रिचचा वेग हमखास पुढे केला जातो. वेग अफाट होता, वादच नाही. पण खरं माप हे, की कोणामुळे इतरांचं वाजवणं बदललं? १९४०च्या सुमारास केनी क्लार्कने ठेका पायाच्या बेस ड्रमवरून राइड सिंबलवर नेला. पाय अवचित आघातांसाठी मोकळा झाला आणि बीबॉप जॅझची घडी त्यावरच बसली. क्लार्कचं नाव मात्र थोर ड्रमरांच्या याद्यांत मागेच पडतं!

रॉकमध्ये हा मान लेड झेपेलिनच्या जॉन बोनमचा. त्याचा घुमारा म्हणजे हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्यापाशी केलेल्या रेकॉर्डिंगची करामत, असा आक्षेप येतो. मग ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये (१९६९) जिना कुठे होता? एकाच पेडलवर उजव्या पायाने काढलेले ते जलद तिहेरी ठोके निव्वळ त्याचे आहेत.